व्यायाम, खाडे आणि परत येणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणता व्यायाम करावा, किती वजन उचलावं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. इथे त्यातलं काही नाही. सुरू केलेला व्यायाम सुटतो का आणि सुटलेला परत कसा धरायचा, एवढाच विषय. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांचा एक सकाळचा गट मी काही वर्षं चालवते आहे. त्याआधीची बरीच वर्षं मी स्वतः सोडणाऱ्यांच्या गटात होते, त्यामुळे दोन्हीकडची खबर आहे.

व्यायामाचे सगळे फायदे पाठ आहेत, तरी होत नाही. मी आळशी आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. व्यायाम करायचाच असं मनापासून ठरवणाऱ्यांतले साधारण निम्मेच ते प्रत्यक्षात आणतात, असं या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे कळतं पण वळत नाही, ही निम्म्या जगाची गत आहे. पांघरुणातून बाहेर यायचा त्रास आत्ताचा असतो आणि दहा वर्षांनी हृदय ठणठणीत असेल, हा फायदा कागदावरचा असतो. सकाळी साडेपाचला कागद हरतो.

त्यात भर म्हणजे उद्याच्या स्वतःबद्दल आपले फार गोड गैरसमज असतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. महिन्याची वर्गणी भरणारे लोक महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच येत होते. आले त्या दिवसाचे सुटे पैसे भरले असते, तर त्यांना स्वस्त पडलं असतं. ही माणसं मूर्ख नव्हती. फॉर्म भरताना त्यांना आठवड्यातून तीनदा येणारा माणूस खरोखर डोळ्यांसमोर दिसत होता. तो माणूस आला नाही, इतकंच.

२१ दिवस सलग केलं की सवय लागते ना?

नाही. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. लोकांनी त्यातला 'निदान' गाळला आणि नाकाचा नियम पळण्याला लावला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे पाठपुरावा केला. एखादी गोष्ट आपसूक व्हायला लागेपर्यंतचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. जेवताना ग्लासभर पाणी पिण्यासारखी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. पुढे २०२३ मध्ये जिमच्या एक कोटीहून जास्त भेटींच्या आणि रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं: हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, जिमला जायला मात्र महिने लागतात.

म्हणून २२ व्या दिवशीही जिवावर येत असेल, तर तुमच्यात काही बिघाड नाही. तुम्हाला तारीख चुकीची सांगितली होती. आणि लॅलींच्या अभ्यासातली सगळ्यात कामाची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

सवय नेमकी कशाची लावायची?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि सगळा गुंता तिथेच असतो. २०१६ मध्ये ॲलिसन फिलिप्स आणि बेंजामिन गार्डनर यांनी व्यायामाच्या सवयीचे दोन तुकडे केले. एक, व्यायामाला लागण्याची सवय. दुसरी, व्यायाम करत असतानाच्या हालचालींची सवय. कोण किती वेळा व्यायाम करतो, हे पहिल्या सवयीवरून कळतं. दुसरीवरून कळत नाही. सूर्यनमस्कार डोळे मिटून जमतात म्हणून कुणी रोज घालत नाही. सतरंजी उलगडली जाते की नाही, यावर सगळं ठरतं.

माझंच सांगते. पळायला जायचं ठरवलं की मी मनात सगळं पळणं पळून घ्यायचे. तो वळण घेणारा चढ, बरगडीखाली भरणारी कळ, परत येतानाचा घाम. हे सगळं अंथरुणातच होऊन जायचं, आणि दमल्यामुळे मी झोपायचे. शेवटी पळण्याचा विचार करायचाच नाही असं ठरवलं. बूट दाराशी, मोजे बुटात, किल्ली डाव्या बुटात. उठायचं, बूट घालायचे, किल्ली काढायची. किल्ली हातात आली की कुलूप लावावंच लागायचं, आणि कुलूप लावून दाराबाहेर उभी राहिलेली बाई परत आत जात नाही. निदान मी तरी कधी गेले नाही. नाड्या बांधेपर्यंतचा दीड मिनिट म्हणजे माझी सवय. पुढचा अर्धा तास म्हणजे व्यायाम.

गटातल्या प्रत्येकाला मी विचारते, तुमची किल्ली कुठे आहे? कुणाची पाण्याची बाटली असते. एक जण रात्रीच व्यायामाचे कपडे घालून झोपतात. घरचे हसतात, पण त्यांचे खाडे सगळ्यांत कमी आहेत.

वेळ पक्की ठरवावी की जमेल तेव्हा करावं?

'जमेल तेव्हा' म्हणजे बहुतेकदा 'कधीच नाही'. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 'जर-तर' पद्धतीच्या योजनांवर पुष्कळ काम केलं आहे: कधी, कुठे, कसं हे आधीच ठरवून ठेवायचं. ब्रिटनमध्ये २००२ साली याचा व्यायामावर प्रयोग झाला. नुसती नोंद ठेवणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला. व्यायामाचं महत्त्व पटवणारा मजकूर वाचलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं, म्हणजे उपदेशाने काडीचाही फरक पडला नाही. ज्यांनी वार, वेळ आणि जागा लिहून दिली, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केला.

हे वाचून लगेच घड्याळाला बांधून घेऊ नका, कारण दुसरी बाजूही आहे. जॉन बेशीअर्स आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या कंपनीतल्या अडीच हजार कर्मचाऱ्यांना जिमला जाण्यासाठी बक्षीस दिलं. काहींना ठरवलेल्या वेळीच गेलं तर, काहींना केव्हाही गेलं तरी. बक्षीस बंद झाल्यावर केव्हाही जाणारेच जास्त टिकले. ठरलेली वेळ पाळणारे त्या वेळेला जात राहिले, पण ती चुकली की त्या दिवसापुरतं त्यांचं दुकान बंद.

मी या दोन्हींचा मेळ असा घालते: वेळ एक, आणि तिच्या पाठीमागे एक राखीव वेळ. सकाळी सात. सात हुकले तर संध्याकाळी सहा. तिसरा पर्याय ठेवायचा नाही. तो ठेवला की पुन्हा 'जमेल तेव्हा' सुरू होतं.

एक खाडा पडला की माझं सगळंच सुटतं. असं का होतं?

खरं तर हे पान याच प्रश्नासाठी लिहायला घेतलं.

डाएटवर असलेल्या लोकांवर जॅनेट पॉलिव्ही आणि पीटर हर्मन यांनी १९७० च्या दशकापासून प्रयोग केले. ठरवलेलं पथ्य एकदा मोडलं असं वाटलं, की माणसं थांबत नाहीत. उलट जास्त खातात. आता मोडलंच आहे ना, मग होऊन जाऊ दे. व्यसनमुक्तीवर काम करणाऱ्या ॲलन मार्लॅट यांनाही तेच दिसलं, आणि त्यांनी त्यातला एक बारकावा नेमका पकडला. घसरण्यापेक्षा घसरल्यावर माणूस स्वतःबद्दल काय ठरवतो, ते जास्त नडतं. 'काल पाऊस होता म्हणून राहिलं' म्हणणारा परत येतो. 'मी मुळातच आरंभशूर' म्हणणारा येत नाही, कारण त्याने स्वतःच्या स्वभावावर निकाल देऊन टाकलेला असतो.

२०२१ मध्ये केटी मिल्कमन आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जिम साखळीच्या ६१ हजारांहून जास्त सभासदांवर ५४ वेगवेगळे उपाय एकाच वेळी करून पाहिले. सगळ्यांत वर कोणता आला? चुकलेल्या दिवसानंतर परत आल्याबद्दल मिळणारे थोडेसे जादा गुण. त्यांची किंमत अगदी नगण्य होती, तरी आठवड्याच्या भेटी सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्या. (उपाय चार आठवडे चालले. ते थांबल्यावर बहुतेकांचा परिणाम ओसरला, हेही सांगायला हवं.) सलग येण्याचं कौतुक सगळेच करतात. परत येण्याचं कुणी करत नाही, आणि गरज तिथे असते.

गटात मी एक नियम केला आहे. खाडा करून आलेल्याला 'आज कसे काय उगवलात?' असं विचारायचं नाही. गमतीतही नाही. हा नियम एका काकांमुळे आला. पाच महिने एकही दिवस न चुकवणारे काका लग्नकार्यात आठ दिवस गेले आणि नंतर आलेच नाहीत. दोन महिन्यांनी भेटले तेव्हा म्हणाले, "एकदा आलो होतो. फाटकापर्यंत आलो, आत सगळे हसत होते, वाटलं आता मलाच हसणार. वळलो." आम्ही कशावर हसत होतो कोण जाणे.

दुसरी गोष्ट: परतीच्या दिवसाचा व्यायाम वेगळा असावा, आणि तो आधीच ठरलेला असावा. घोटा मुरगळल्यामुळे माझे सहा आठवडे गेले होते. परत आले त्या दिवशी आधी उचलायचे तेवढीच वजनं उचलली, कारण मागे पडल्याची लाज वाटत होती. चार दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला. पाचव्या दिवशी वाटलं, जाऊ दे. पुढचे दोन महिने जाऊ दिले. आता माझा परतीचा व्यायाम बारा मिनिटांचा आहे आणि तो इतका सोपा आहे की संपताना थोडी चुटपुट लागते.

सोमवारपासून किंवा १ जानेवारीपासून सुरू करण्यात काही अर्थ आहे?

आहे. आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात किंवा वाढदिवस गेला की जिमच्या भेटी वाढतात, हे २०१४ मध्ये नोंदलं गेलं आहे. जुना चुकार मी मागे राहिला, असं माणसाला वाटतं. त्याचा फायदा घ्यावा. फक्त मंगळवारी खाडा पडला तर पुढच्या सोमवारची वाट पाहू नका. बुधवार रिकामाच असतो.

मला व्यायाम आवडतच नाही. त्याचं काय?

कदाचित तुम्हाला दम लागणं आवडत नसेल. ते कुणालाच आवडत नाही. व्यायाम करताना कसं वाटतं यावर पँटेलीस एक्केकाकिस यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. श्वास इतका वाढला की पूर्ण वाक्य बोलता येत नाही, त्या टप्प्याच्या पुढे जवळजवळ प्रत्येकाला वाईटच वाटतं. त्याच्या अलीकडे मात्र बऱ्याच जणांना बरं वाटतं. नवखा माणूस पहिल्याच दिवशी तो टप्पा ओलांडतो, आणि मग 'मला व्यायाम मानवत नाही' असं म्हणतो. पहिले दोन महिने शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने चाला. त्याने काय होणार, असं वाटेल. त्याने तुम्ही उद्या याल.

अजून एक. १५ मिनिटं सायकल चालवण्याच्या एका प्रयोगात काहींना सोप्याकडून अवघडाकडे नेलं, काहींना अवघडाकडून सोप्याकडे. हळूहळू सोपं होत गेलेल्यांना तो अनुभव नंतरही जास्त सुखाचा आठवला. शेवटचा सेट जीव तोडून मारायची पद्धत पिळदार तरुणांना शोभते. तुम्ही शेवट मऊ ठेवा.

सुरू करण्याआधीचा अंदाज तर मुळीच मानू नका. व्यायाम किती आवडेल, हे लोक प्रत्यक्षापेक्षा कमीच सांगतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पहिली काही मिनिटं असतात आणि तीच सगळ्यांत कंटाळवाणी असतात.

इच्छाशक्ती कशी वाढवायची?

मी त्या फंदात पडत नाही. इच्छाशक्ती म्हणजे वापरली की संपणारा साठा, ही कल्पना १९९८ पासून फार गाजली. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून ती तपासली तेव्हा तिला म्हणावा तसा दुजोरा मिळाला नाही. आणि ज्यांचा स्वतःवर चांगला ताबा असतो असे लोक मोहाशी फार झगडत नाहीत, ते मोहाच्या वाटेलाच कमी जातात, असं अभ्यासांत दिसतं. बूट दाराशी ठेवा.

आवडती मालिका फक्त व्यायाम करतानाच पाहायची, ही युक्ती चालते का?

काही काळ चालते. ऐकायला ओढ लागेल अशा पुस्तकांची ध्वनिमुद्रणं फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील, अशी व्यवस्था एका प्रयोगात केली होती. सुरुवातीला त्या लोकांच्या भेटी इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होत्या. मग सुट्ट्या आल्या, जिम बंद राहिली आणि परिणाम विरला. पुन्हा तेच: युक्ती रोजच्या दिवसांना पुरली, खंडानंतरच्या दिवसाला पुरली नाही.

एकट्याने की कुणाबरोबर?

जोडीदाराचा उपयोग होतो, आणि तो तुमच्यापेक्षा थोडा सरस असेल तर जास्तच. १९२० च्या दशकात बर्लिनच्या एका नौकानयन क्लबमधल्या लोकांवर ओटो कोहलर यांनी प्रयोग केला. जोडीने वजन उचलताना एक थकला की दोघांचं काम थांबणार, अशी अट होती. त्यात कमकुवत गडी एकट्याने टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे अडतंय, ही भावना पायांत बळ आणते. फरक फार मोठा असला तर मात्र ती मरते. मॅरेथॉनवाल्या पुतण्याबरोबर पहिल्याच आठवड्यात जाऊ नका.

धोका एकच. मैत्रिणीची बदली झाली की तुमचाही व्यायाम बदलून जातो. आठवड्यातला एक दिवस मुद्दाम एकट्याने करावा.

घड्याळ, ॲप, रोजची १०,००० पावलं?

दहा हजार हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई' होतं, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात ७,५०० च्या आसपास फायदा सपाट होताना दिसला.

मोजण्याने सुरुवातीला हुरूप येतो, हे मान्य. पण मोजायला लागलं की गोष्ट जास्त केली जाते आणि आवडते कमी, असं जॉर्डन एटकिन यांच्या २०१६ मधल्या प्रयोगांत दिसलं. फिरणं कामासारखं वाटू लागतं. माझा खरा राग आहे तो सलग दिवस मोजणाऱ्या ॲपवर. १४३ दिवसांचा आकडा तापाच्या एका दिवसाने शून्य होतो, आणि तुम्ही त्या १४३ दिवसांत कमावलेलं सगळं गेलं असं तो शून्य सांगतो. ते खोटं आहे. मी साधी वही ठेवते. खाड्याच्या दिवशी रेघ, आणि परत आले त्या दिवसाभोवती गोल. वर्षाअखेर मी गोल मोजते.

डॉक्टरांनी सांगितलंय, घरचे मागे लागलेत, म्हणून करतोय. टिकेल?

सुरुवातीला पुरेल. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार माणूस एखादी गोष्ट टिकवतो ती तीन गोष्टी मिळाल्या तर: हे मी निवडलंय, हे मला जमतंय, आणि इथे माझी कुणीतरी दखल घेतं. 'साखर कमी करायची आहे' हे कारण खरं असलं तरी रोज सकाळी ते ओरडा खाल्ल्यासारखं वाटतं. त्याच्या जोडीला स्वतःचं एखादं लहान कारण शोधा. गटातल्या एका आजींचं कारण असं आहे: जमिनीवर मांडी घालून बसल्यावर कुणाचा हात न धरता उठायचं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, ते त्या विसरल्या आहेत.

घरच्यांना विनंती: 'आज नाही गेलात का?' हा प्रश्न बंद करा.

दहा मिनिटंच मिळतात. उपयोग आहे का?

आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत, ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शनात राहिलेली नाही. पाच मिनिटंही धरली जातात.

वर्षभर सोडलं होतं. पुन्हा शून्यापासून?

दमसास लवकर उतरतो. दोन ते चार आठवड्यांतच जिन्यावर फरक कळतो. ताकद त्याहून बरीच जास्त टिकते, आणि एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर भरून येतो. त्यामुळे शून्य तर नक्कीच नाही. मात्र ताप, छातीत दुखणं किंवा मोठं आजारपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

ते फाटकातून वळलेले काका अकरा महिन्यांनी परत आले. कुणीही काही विचारलं नाही. सतरंजी कुठली घेऊ, असं त्यांनीच विचारलं, आणि बारा मिनिटांनी घड्याळाकडे पाहून म्हणाले, "एवढंच?"